हाताची घडी

बारा जानेवारीच्या दुपारी सोलापूर स्टँडवर वळसंगच्या गाडीची वाट बघता बघता विजयमालाचा डोळा लागत आला होता. तेवढ्यात शेजारी एक आजोबा आणि एक आजी येऊन टेकले. दोघांच्या डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर छापलेलं: 'मी युवा'. विजयमालाची झोपच उडाली.

"अक्का, सभा कशाची हुती गं?"

"युवा दिनाची, बिरप्पाण्णा. तरण्या पोरांचा दिवस."

"मग आपल्याला कशाला नेलं?"

"टेम्पो भरायचा हुता की. गावात तरणं हाय कोण? समदी पुण्याला, कंपनीत. आन् सभा झाल्यावर टेम्पो न्हाय, आपली यष्टी."

"व्हय की. 'तरुण मित्रांनो' म्हणले तवा मी लई जोरात टाळी वाजवली."

"ऐकली."

"त्या डिजिटल बोर्डावर मधी फेटा बांधलेले कोण गं?"

"स्वामी हायत ते. त्येंचीच जयंती."

"मला वाटलं उमेदवार. पर बाकीच्या अकरा जणांनी हात जोडल्यात, ह्येंची हाताची घडी."

"मग?"

"मग काय! ह्येंला कुणाकडं काय मागायचं न्हाय, एवढं कळलं."

"लई मोठं काम करून गेले म्हणं. चाळिशीच्या आतच."

"आरं द्येवा! आन् भाषण केलेले ते युवा नेते?"

"त्येंची साठीशांत झाली की गेल्या साली. आपुन जेवायला गेलतो."

गाडी लागली. विजयमाला त्यांच्या मागच्याच सीटवर बसली. कंडक्टर आला.

"बाबा, ज्येष्ठ नागरिक का? वय किती?"

"टोपी घालून सांगू, का काढून?"