तो ‘कुणीतरी’ मीच

सन्माननीय अध्यक्षा, आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. व्यासपीठावरचे पाणीखात्याचे साहेब. टाकीवरून दोन्ही वस्त्यांना पाणी सोडणारे, आज निवृत्त होणारे आपले चावीवाले आणि शेजारी बसलेल्या वहिनी. वरच्या आणि खालच्या वस्तीतून आलेली सर्व लहान-थोर मंडळी, आपणां सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना विचारा, घंटा झाल्यावर हा विज्ञानाचा मास्तर कधी थांबला का? आज थांबेन.

साहेब आत्ता म्हणाले, नऊ वर्षांपूर्वी दोन वस्त्यांत अकरा दिवस दगड चालले, आणि पाण्यात विष कालवल्याची अफवा कुणीतरी उठवली. मानपत्रातही तेच आहे. मानपत्र मी लिहिलंय, ‘कुणीतरी’ हा शब्दही माझाच. मंडळी, तो कुणीतरी मीच.

बसा, बसा. मला पुरतं बोलू द्या.

आदल्या दिवशी माझ्या पुतण्याचं डोकं फुटलं होतं. सात टाके. सकाळी नळाला पाणी आलं, त्याला वास होता. शिंप्याच्या दुकानासमोर दहा-बाराजण उभे होते. मी एवढंच म्हणालो, “पाण्याला वास येतोय. टाकीवर माणूस खालचाच ना?” नुसता प्रश्न विचारला, आणि घरात गेलो. पण मास्तरांचा प्रश्न! दुपारपर्यंत त्याचं विष झालं. आपल्या वरच्या वस्तीतली चाळीस-पन्नास माणसं टाकीवर गेली. वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत चावीवाल्यांचा उजवा हात मोडला.

पाण्यात होती ब्लीचिंग पावडर. दगडांनी टाकीचं झाकण फुटलं होतं, आत घाण पडली होती. कुणाच्या लेकराला जुलाब होऊ नयेत म्हणून या माणसानं ती जरा जास्त टाकली. दोन्ही वस्त्यांसाठी.

क्लोरीनचा वास मी तीस वर्षं शिकवला. रागाच्या भरात ओळखू आला नाही, असं मी बायकोलाही सांगितलं. खोटं. पहिल्या घोटाला ओळखला होता. ओळखून बोललो.

पुढचं तुम्ही पाहिलंय. दोन दिवस कुणालाच पाणी नाही. तिसऱ्या दिवशी हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, असे चावीवाले दोन वस्त्यांमधल्या रस्त्यावर येऊन उभे राहिले. म्हणाले, “टाकीवरचं चाक दोन हातांनी फिरतं. माझा एकच आहे. एक माणूस वरचा द्या, एक खालचा. किती फिरवायचं ते मी सांगतो.” खालून त्यांचीच मुलगी पुढे आली. आपल्याकडून? सगळे चपलांकडे बघत होते. मीही. शेवटी शिंपीणबाई निघाल्या. नवरा म्हणाला, “अगं, कुठे चाललीस?” त्या म्हणाल्या, “पाणी आणायला. तुम्ही बसा विषाची वाट बघत.”

हसा, हसायलाच हवं. पण त्या दोघींनी चाक फिरवलं आणि दोन्हीकडच्या नळांना एकदमच पाणी आलं. दुसऱ्या दिवशी दुसरे दोघे गेले. मग पाळ्या लागल्या. रोज पहाटे ज्याच्याबरोबर जोर लावायचा, त्याच्यावर संध्याकाळी दगड कसा उचलणार? शांतता बैठका पुष्कळ झाल्या, मी स्वतः तीन बैठकांत भाषणं ठोकली. शांतता आली ती या पाळ्यांनी. आणि त्या पाळ्यांची समिती झाली तेव्हा प्रमुख कोण? विश्वासाचा माणूस म्हणून, मी! सत्कार घेतले, फोटो काढले. जनाची नाही, निदान मनाची तरी लाज वाटायला हवी होती. वाटत होती. पण हार काही नको म्हटलं नाही.

एकदा कबूल करायला यांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी चहा दिला. यांचा तो मोडलेला हात कपाकडे नीट वळत नव्हता, डाव्या हातानं कप धरला होता. ते पाहून मी विषयच बदलला. तासभर गळक्या पाइपांवर बोललो. निघताना हे दारापर्यंत आले.

“मास्तर, बोलायला आलात ते राहिलं.”

“तुम्हाला ठाऊक आहे?”

“दुकानासमोर दहाजण होते. पण मला एकट्याला सांगून भागायचं नाही. माझ्या पोरीला शाळेत अजून विचारतात, तुझ्या बापानं पाण्यात काय टाकलं होतं?”

त्यालाही सात वर्षं झाली, मंडळी. सात वर्षं मी त्यांना रोज नमस्कार करत आलो, आणि त्यांनी तो घेतला.

तर आता सांगतो, आणि मुलांनो, तुम्ही नीट ऐका. यांनी पाण्यात औषध टाकलं होतं. विष मी टाकलं, ते तोंडातून. समितीचं प्रमुखपद मी आज सोडतो. मानपत्र माझ्या हातून दिलं जाऊ नये. शिंपीणबाई, तुम्ही वर या. तेवढा ‘कुणीतरी’ खोडून माझं नाव घाला आणि मग वाचा.

वहिनी, चावीवाले, तुमच्यासमोर हात जोडतो. माफ कराच असा आग्रह नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचे आभार. आज काही जास्त बोललो असेन तर पोटात घाला. नऊ वर्षं जे बोललो नाही, ते मात्र घालू नका.