नवरीचं म्युझिक

हसा खुशाल, पण मी लिंबागणेश गावात बोहल्यावर चढले ती अंतराळयानाच्या म्युझिकवरच.

आमचं जमलंच त्याच्यावर. नवरा मला बघायला आलता, तवा त्याचा मोबाईल वाजला. रिंगटोन कसली? माज्या लाडक्या अंतराळयानाच्या टीव्ही सिरीजचं म्युझिक! पोह्याची बशी त्याच्या हातात देतानाच मी मनात हो म्हणून टाकलं.

म्हणून लग्नात डीजेवाल्याला सांगितलं, मी मांडवात शिरले की तेच लाव. त्यानं लावलं, अन् मला स्टेजकडं घेऊन चाललेले मामा भडकले.

"बंद कर बे ते! एक शब्द न्हाई त्यात. कुणाला काय कळायचं?"

म्युझिक बंद झालं. मी जागीच थांबले.

"चल पोरी, मुहूर्त चाललाय."

"म्युझिक लागल्याबिगर न्हाई येत. अन् मामा, मंगलाष्टकातले किती शब्द कळतात तुमाला? तरी अक्षता टाकताच की!"

तेवढ्यात स्टेजवर नवऱ्यानं गुरुजींच्या हातातला माईक घेतला अन् रिंगटोन वाजवत आपल्या मोबाईलला लावला. सारा मांडव त्याच म्युझिकनं दणाणला.

मी मामाला इचारलं, "आता येता, का मी एकटीच जाऊ?"