वर फट, खाली नाय

इमारतीत मुद्दाम फट ठेवायची म्हटलं, की लोकांना वाटतं इंजिनियरला काम जमत नाही. पोलादपूरला दोन भावांना रस्त्याकडेने दुकानांची लांबलचक इमारत बांधायची होती. उन्हाने स्लॅब फुगतो, म्हणून मी नकाशात मधोमध इंचभराचा एक्स्पान्शन जॉइंट दाखवला.

थोरले म्हणाले, "जॉइंट म्हंजे जोड ना? मग ही फट कसली?"

त्यांना समजावेपर्यंत माझा चहा गार झाला. निघताना मुंबईहून आलेल्या धाकट्याने मला बाजूला घेतलं. "सर, ही फट पायातूनपण न्या. उद्या वाटणी झाली तर भानगड नको."

म्हटलं, "पायाला फट लागत नाही. खाली सलग कातळ आहे, आणि जमिनीत ऊन पोचत नाही. फटीच्या दोन्हीकडचे कॉलम एकाच पायावर उभे राहतात."

थोरले मागेच उभे होते. "म्हंजे तापतं ते फक्त वरचं?"

"हो."

"मग पायाला हात लावू नका, साहेब." त्यांनी धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली. "फट हितं ठेवा. तापतंय ते हेच हाय."