गाळायची घाई

माझा जन्म साखर कारखान्याच्या कॉलनीतला, सांगलीकडं. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथं लॅबमध्ये केमिस्ट होते, त्यामुळं आमच्याकडं जेवताना पाव्हण्यारावळ्यांपेक्षा आज रस कसा होता हीच चर्चा जास्त. मीही केमिस्ट्रीच घेतली, बीएस्सी झाले आणि त्याच लॅबमध्ये तीन हंगाम काढले. गरम रसाचं सॅम्पल आणायला जायचे तर तिथली माणसं म्हणायची, ताई, भाजंल, मी म्हणायची, भाजू दे. काय सांगू तुम्हाला, ते तीन हंगाम मी पुढं वीस वर्षं पुरवून पुरवून आठवले.

कारण लग्न झालं आणि आम्ही इकडं अमेरिकेत, बेलव्ह्यूला आलो. आमचे हे सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी यांच्या व्हिसावर, म्हणजे राहायचं, स्वयंपाक करायचा, पण नोकरी करायची नाही. मृणाल झाली, तिला शाळेत सोडायचं, आणायचं, मंडळाच्या गणपतीला दोनशे मोदक करायचे, सगळं केलं, हौसेनं केलं, नाही म्हणत नाही. पण कुणी विचारलं अँड व्हॉट डू यू डू, की मी चहा टाकायला आत जायची. मग ग्रीन कार्ड आलं, नोकरीची मुभा मिळाली, तर इंटरव्ह्यूला विचारायचे, एवढी वर्षं काय केलंत? आता काय सांगणार, वाट बघितली म्हणून?

सिटिझन झाले तेव्हा पन्नाशी आली होती. तेव्हा मृणालनंच ही जाहिरात काढली, फिल्ट्रेशन टेक्निशियन, अनुभव नसला तरी चालेल. मी पुढं कंपनीचं काम वाचलं आणि म्हणलं, अगं हा तर गांजा! ती म्हणाली, आई, इट्स लीगल हिअर, रिलॅक्स. आहेच लीगल, या राज्यात लायसन्स घेऊन कारखाने चालतात. पण केंद्राच्या कायद्यात अजून बंदीच, म्हणून वकिलानं आम्हाला आधीच बजावलं होतं, नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत असल्या नोकरीच्या आसपास फिरकू नका. ती शपथ झाली होती. हे म्हणाले, लोक काय म्हणतील? म्हणलं, वीस वर्षं घरात बसले तेव्हा लोक काही म्हणाले का?

पहिल्या दिवशी आत गेले आणि वास आला, स्पिरिटचा. अहो, आमच्या कारखान्याला डिस्टिलरी होती, तोच वास! मी तिथंच उभी राहिले, डोळे भरून आले, आणि हेदर, म्हणजे आमची मॅनेजर, तिशीतली पोरगी, घाबरलीच, यू ओके? म्हणलं, ओके ओके, एकदम ओके.

काम कसं, तर पाला गार इथेनॉलमध्ये, म्हणजे स्पिरिटमध्येच, भिजवतात, पाला काढून घेतला की काळपट हिरवं पाणी उरतं. त्यात औषधाबरोबर झाडाचं मेणही उतरलेलं असतं. ते पाणी आणखी गार, डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की मेणाचे कण धरतात, मग ते गाळून काढायचे, हिरवा रंग जायला कोळशाच्या भुकटीतून सोडायचं, पुन्हा बारीक गाळायचं, आणि शेवटी इथेनॉल उडवून लावलं की मधासारखं तेल राहतं. गोठवायचं काम डॅनीकडं, गाळायचं माझ्याकडं. डॅनी साठीला आलेला, आधी लाकडाच्या मिलमध्ये होता, बोलायला कमी, पण माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याला फार आवडायची.

आता माझी चूक ऐका. तिथं एक व्हाइटबोर्ड होता, कुणी किती लिटर गाळलं त्याचा, आणि पहिल्या महिन्यात माझं नाव सगळ्यात खाली. लाज वाटायची हो. ते गार पाणी फिल्टरमधून थेंब थेंब उतरायचं. कारखान्यात आम्ही रस गरम ठेवायचो म्हणजे भराभरा उतरतो, ती सवय हाताला. म्हणून मी टाकी फ्रीझरबाहेर थोडी जास्त वेळ ठेवायला लागले, जरा कोमट झालं की सुरेख उतरायचं, आणि दोन आठवड्यांत माझं नाव वरती. हेदरनं टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन शिरा केला.

आणि मग दुकानांकडून तेल परत यायला लागलं. गढूळ. इथून स्वच्छ गेलेलं, तिथं आठ दिवसांत आत पांढरट धुकं. हेदरनं डॅनीला विचारलं, तू नीट गोठवत नाहीस का, लवकर बाहेर काढतोस का? तो म्हणाला, नाही. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मालक स्वतः आले आणि म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरा माणूस. डॅनी त्या दिवशी जेवला नाही.

रात्री शेवटी आप्पांना फोन लावला. त्यांना तोवर सांगितलं होतं, कसल्यातरी वनस्पतीचा अर्क काढतो म्हणून. सगळं सांगितल्यावर विचारलं, कुठली वनस्पती? म्हणलं, आप्पा, गांजा. मनात म्हणलं, आता संपलं. तर म्हणतात कसे, बरं, फिल्टरला कापड कसलं वापरता? मला हसू पण येईना, रडू पण येईना. मग म्हणाले, कल्पना, आपला रस वेगळा, आपला गाळ गरम रसातही गाळच राहतो. तुमचं मेण थंडीनं धरतंय, म्हणजे ते तुपासारखं. ऊन झालं की परत विरघळणार आणि कापडातून निघून जाणार. गाळताना ते ऊन कोण करतंय? घाई कुणाला झालीय?

माझ्या डोळ्यांपुढं तो व्हाइटबोर्ड आला, सगळ्यात वरती माझं नाव.

सकाळी गेले, हेदरच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हणलं, डॅनी नाही, मी. मी टाकी बाहेर ठेवत होते. वीस वर्षांनी मिळालेली नोकरी, हातची जाणार हे धरूनच गेले होते. तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, व्हाय आर यू टेलिंग मी? म्हणलं, त्याचं नाव खराब होतंय म्हणून. ती उठली, मालकांशी बोलून आली आणि म्हणाली, तेल परत इथेनॉलमध्ये विरघळवता येईल ना? म्हणलं, येईल, परत गोठवू, परत गाळू, सावकाश. म्हणाली, मग कोट घाल, कामाला लाग.

बारा दिवस लागले. मी आणि डॅनीनं मिळून केलं, फिल्टरसुद्धा आधी गार करून घेतला, आणि थेंब थेंब पडू दिलं. मी सॉरी म्हणलं तर तो म्हणाला, चटणी आणली आहेस का? झालं, एवढंच बोलला. लिटरचा बोर्ड हेदरनं पुसून टाकला.

आता चौथं वर्ष. नवीन माणसाला पहिला आठवडा मीच शिकवते, आणि माझी चूक पहिल्या दिवशीच सांगते. मंडळातल्या बायकांनाही ठाऊक झालंय, एक-दोघी गुडघ्याला हे तेल चालतं का, असं हळूच विचारतात, मी म्हणते, डॉक्टरला विचारा बाई, मी फक्त गाळते. आणि इथं अजून किती पोरी आहेत, एमएस्सी, इंजिनिअर, नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसलेल्या, त्यांच्यासाठी मी देवापाशी एकच मागते, त्यांचा नोकरीच्या परवानगीचा कागद लवकर येऊ दे, आणि चूक झाली तर, मग कोट घाल, असं म्हणणारं कुणीतरी त्यांना भेटू दे.