माधवचे कान

नाही हो शालिग्राम भिया, कान टोचायची सोन्याची तार पेटीतच राहू द्या — घाई काय आहे? आधी गूळ-पाणी घ्या. आत माझ्या नातवाला, माधवला, मांडीवर घेऊन आक्का बसलीय, मुहूर्तही आलाय — पण मुहूर्त टाळण्यात अख्ख्या देवासात माझा हात कोण धरील? मागल्या खेपेला ग्रहण काढलं, त्याआधी सोनीजी आजारी आहेत म्हणून सांगितलं — हो, तुम्हीच! दरबारात कारकुनी केली, शिकलो काय, तर कागद पुढे ढकलायचा.

आक्का माझी थोरली बहीण. बाहेर मी मोरोपंत, तिच्यापुढे भिजलेलं मांजर. ती म्हणते, कान टोचले की नातवाची कावीळ उतरेल. उतरेलही, मला काय कळतं? भरपूर तूप चारा म्हणजे बाळसं धरेल, हे माझं वैद्यक! पोट नगाऱ्यासारखं, पाय काटक्या, आणि तूप पोटातून जसंच्या तसं बाहेर. छावणीतले डॉक्टर म्हणाले, पंत, जन्मापासून याच्या पित्ताची वाट अडलीय, पित्तावाचून तूप पचायचं नाही, त्यातलं सत्त्व अंगाला लागायचं नाही. मी मान डोलावली — समजलं म्हणून नव्हे हो, साहेब बोलला की मान आपोआप हलते!

हसा, हसा. दिवेलागणीला पोरगं चौकटीवर आपटायचं, मी म्हणायचो, धांदरटपणात आजोबावर गेलंय — आणि त्याला अंधारात दिसतच नव्हतं हो, तुपातलं ते सत्त्व नाही म्हणून. परवा त्याचा ओठ दाताखाली आला, एवढासा — तर दुपारभर रक्त थांबेना. हळद झाली, तुरटी झाली — मी, पूजेत डुलक्या घेणारा मी, देवापुढे नाक घासत बसलो. डॉक्टरांनी बजावलंय, त्याच सत्त्वावाचून याचं रक्त गोठत नाही, अंगाला सुई लावायची नाही. मग आक्काला सांगितलं का नाही? अहो, सांगायला तोंड लागतं. माझं फक्त जेवायला उघडतं.

हे काय, उठलात? पेटी बांधलीत? बरं केलंत भिया, फार बरं केलंत. आत सांगतो, सोनारच घाबरला — नको. थांबा, तुमच्यादेखतच होऊ दे, नाहीतर पुन्हा शेपूट घालीन. आक्का! ए आक्का — सोनी चालले. मीच म्हटलं, जा. कान टोचायचे नाहीत, आज नाही, कधीच नाही. ओरड, हवं तेवढं ओरड — पण पोराला इकडे दे. भ्यालोय मी, आक्का. फार भ्यालोय.

जा हो भिया, बघता काय? जा तुम्ही.