बेट कुणी बदललं

नाही नाही, बसा की. उठताय कशाला, बाक काय माझ्या एकट्याचा आहे? आमच्या हिचा टॉवेल तेवढा इकडे घेतो — हं, आता बसा. तुमचं आज लवकर आटपलं वाटतं? तिचं चाललंय अजून, शिकवणाऱ्या सरांबरोबर, ती बघा, तलावाच्या त्या खोल बाजूला, मधूनच डोकं वर येतंय. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही जोडीदार तिचे, इथं तलावातही आणि तिकडे बेटावर गेल्यावरही. पाण्याखाली जोडीदार लागतोच म्हणे — एकमेकांची नळी बघायची, हवेची टाकी बघायची, एकट्यानं जायचंच नाही. चांगला नियम आहे, मी काही वाईट म्हणत नाही. दातांचे डॉक्टर ना तुम्ही? दुसऱ्याला तोंड उघडायला लावायची सवय असेल. तर आज जरा तुम्हीच उघडा, डॉक्टर. बेट कुणी बदललं?

हसू नका. सरळ विचारतोय. आमचं बोनेर बेट ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे — टेबलावर नकाशा पसरून, कोपऱ्यांवर कप ठेवून, दोघांनी मिळून ठरवलं होतं. आमची ही भूगोलाची बाई. जन्मभर काठीच्या टोकानं ते ठिपके मुलांना दाखवत आली, हा कॅरिबियन समुद्र, ही त्यातली बेटं, पाठ करा — आणि स्वतः कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नाही. निवृत्त झाली आणि म्हणाली, आता बघून येणार, आणि वरून नाही, आतून बघणार. म्हटलं बघ. मी सायकली दुरुस्त करणारा माणूस, मला ते ठिपके म्हणजे नकाशावर माशी बसून गेलीय असंच वाटायचं. पण बोनेर मला कळलं. तिथं होडी लागतेच असं नाही. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड आहेत म्हणे, दगड दिसला की गाडी थांबवायची, टाकी पाठीला बांधायची आणि चालत पाण्यात शिरायचं. चालत! म्हणजे मला काठावर बसता येणार. छत्री घेऊन बसेन, हिच्या चपला सांभाळेन, कुठं गेली, कुठं वर आली, नजरेत राहील. तीच म्हणाली होती, तुम्ही काठावर बसा. आणि परवा ताट वाढता वाढता म्हणते, मी केमनला जाईन म्हणते. केमनला! दुसरंच बेट. तिथं होडीनं लांब नेतात, आणि समुद्राचा तळ एकदम तुटतो, भिंतीसारखा, खाली नुसतं काळं. मी विचारलं, का गं? तर म्हणे, असंच. डॉक्टर, इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई 'असंच' म्हणालेली नाही. हिच्याकडे पावसाला कारण असतं, वाऱ्याला कारण असतं. तेव्हाच म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

तुमच्यावरच संशय का? सांगतो ना. हल्ली घरात उठता बसता तुम्हीच. डॉक्टर म्हणाले श्वास असा सोडायचा, डॉक्टर म्हणाले घाई करायची नाही. आणि त्या दिवशी तुम्ही दोघं तिकडे कपाटांपाशी बोलत होता, मी आलो आणि एकदम गप्प. का हो गप्प? — नाही, तसला संशय नाही माझा. तसला असता तर बरा, तुमची कॉलर धरली असती आणि मोकळा झालो असतो. माझा संशय वेगळा आहे. मला वाटतं तिला काहीतरी झालंय, आणि ते तुम्हाला माहीत आहे, मला नाही. गेल्या वर्षी पित्ताशय काढलं तिचं. खडे होते. किरकोळ आहे, दोन दिवसांत घरी, असं सांगितलं, आणि आलीही घरी — पण त्या चाकाच्या खाटेवरून आत नेताना तिनं माझ्याकडे बघून हात हलवला ना, तो काही किरकोळ नव्हता. तेव्हापासून मला खरं वाटत नाही. न्हाणीघरात जरा वेळ लागला की मी दाराशी, बरी आहेस ना गं? जिन्यात थांबली की बरी आहेस ना? हो म्हणते. पण हो काय, माणूस दुसऱ्याला बरं वाटावं म्हणूनही हो म्हणतो. आणि आता हे पाण्याखाली जायचं खूळ. माणूस निघायच्या आधी अशा इच्छा करतो, ऐकलंय मी. तर सांगा. मी ऐकून घेईन.

काहीच नाही? शपथ घ्या. — दातांची नका घेऊ, नीट घ्या. — बरं. बरं. नाही तर नाही.

मग बेट का बदललं? त्या दिवसामुळे? ते आठवतंय होय तुम्हाला. हो, तो मीच, बुटांसकट उडी मारलेला म्हातारा. आता तुम्हीच सांगा, माझी चूक काय? सगळं आयुष्य ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरून बघितली मी. बुडबुडा आला की तिथं भोक, तिथं ठिगळ. दुसरा अर्थच नाही बुडबुड्याचा! आणि ही पहिल्यांदा खाली गेली आणि वर बुडबुड्यांची माळच्या माळ. मी ओरडलो, नळी फुटलीय, वर काढा हिला! सगळा वर्ग वर आला, आणि सर मला सांगतायत, आजोबा, बुडबुडे येतायत म्हणजे त्या श्वास घेतायत. मला काय ठाऊक? तिनं घरी येऊन माझे बूट उन्हात ठेवले, बस.

काय म्हणालात? बोनेरच ठेवा असं तुम्ही म्हणत होता? तुम्ही? मग तिनंच — का पण? — सांगा ना, आता अर्धवट नका ठेवू. —

परत सांगा. सावकाश सांगा.

'घरी मी बरी आहे म्हटलं तर पटत नाही. पाण्याखाली बोटांची एक खूण केली की पटतं.' असं म्हणाली? चिडून म्हणाली का? — हसत. हसत म्हणाली. हं. — म्हणजे काठ नकोच आहे तिला. मीच नकोय काठावर. सहलीच्या आठवड्यापुरताच, हो, तेवढ्यापुरताच, समजतं मला.

कशी असते ती खूण? दाखवा. अंगठा आणि हे बोट, असं गोल. आणि तुम्ही आधी विचारायचं, तशीच खूण करून? — म्हणजे विचारतात की तिथंही! मग? ती अशी करते, आणि तुम्ही? पुन्हा नाही विचारत? — पुढं जाता. हं. पुढं जाता.

आली बघा बाहेर. थकलेली दिसतेय, नाही? ओठ जरा — तुम्हाला नाही वाटत? बरं.

जा आता तुम्ही, डॉक्टर. टॉवेल मी देतो. केमन म्हणजे केमन, मी सांगतो तिला. आणि तिकडे गेल्यावर, त्या भिंतीपाशी, तुम्ही तिला जरा — नाही. काही नाही. जा तुम्ही.