दुसरं बटण

...आणि वर मलाच ऐकवतात, "नियम सगळ्यांना सारखा!" आता यावर माणसानं रडावं की हसावं? तुम्हाला सांगतो, आमच्या कारखान्यात पत्रा दाबायचं यंत्र आहे, त्याला दोन बटणं, दोन हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही! बनवणारा शहाणा होता हो! पण आमचा मुकादम दीडशहाणा... "एक बटण दोरीनं बांधून टाका रे, माल दुप्पट निघतो!" बांधलं. कोणी? मीच! सगळ्यांची बांधली, तसं सख्ख्या मेव्हण्याच्या यंत्राचंही बांधलं, चांगल्या दोन गाठी मारून...

गेली ना त्याची उजव्या हाताची पाचही बोटं!

मग चौकशी. लांबलचक टेबल, झाकलेले पाण्याचे ग्लास, पंख्याखाली मोठे साहेब. "बटण तुम्ही बांधलंत? हो की नाही?" म्हटलं, "हो, पण मुकादमानं..." "पण नको! नियम सगळ्यांना सारखा!" मग मुकादमाला, "तुम्ही सांगितलंत?" "नाही." झालं! मला एक शब्द, त्याला एक शब्द... बघा, कशी समान वाटणी!

मेव्हण्यानं आपली बाजू लिहवून आणली होती, चार पानं, माझ्या बायकोच्या अक्षरात. साहेबांनी खालची सही पाहिली. "नोंदीतल्या सहीशी जुळत नाही." तो हळूच म्हणाला, "साहेब, डाव्या हातानं केलीय." "मग उजव्यानं करा!" ...त्यानं नुसतं बँडेज वर केलं. मी ओरडलो, "अहो, डावा अंगठा तरी घ्या!" तर म्हणे, "शिकलेल्याचा अंगठा चालत नाही. नियम सगळ्यांना सारखा!" चार पानं परत! निकाल काय? कामगाराचा निष्काळजीपणा. मेव्हणा कामावरून कमी. आणि मुकादम? तो तिथंच, शिट्टी वाजवत!

घरी बायको रडली नाही हो, रडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "नाही म्हणायची हिंमत नव्हती, निदान माझ्या भावाची गाठ तरी सैल मारायची होतीत!" तेव्हापासून तिच्याकडे मान वर करून बघवत नाही मला.

आता मेव्हण्याच्या यंत्रावर मीच. दोरी तीच, गाठी माझ्याच! मुकादमाला विचारलं, "सोडू का?" तर म्हणतो कसा, "सगळ्यांची बांधलेली, मग तुझीच का सुटी? नियम सगळ्यांना सारखा!"

बरोबरच आहे म्हणा. म्हणून हल्ली जेवणाच्या सुट्टीत मी डाव्या हातानं सही गिरवतोय... जमली, की आधीच नोंदीत देऊन ठेवतो.